पायाने उघडणारे डबे आणि सुई कापायचा हब कटर – दीड वर्ष वापरून काय वाटलं

लिहू लिहू म्हणत बरेच महिने गेले, या आठवड्याच्या नाईट संपल्या म्हणून आज बसलेय. मी स्टाफ नर्स आहे, नोकरीला १९ वर्षं झाली, सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका पन्नास बेडच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डची इनचार्ज आहे. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे बायोमेडिकल कचऱ्यासाठी, म्हणजे दवाखान्यातल्या रक्ताच्या, सुयांच्या वगैरे धोक्याच्या कचऱ्यासाठी, पायाने उघडणारे रंगीत डबे आले आणि त्यांच्यासोबत हाताने दाबायचे हब कटर, म्हणजे इंजेक्शन दिल्यावर सुई कापायचं ते छोटं यंत्र. या दोन्ही वस्तूंचे रिव्ह्यू शोधले तर बहुतेक ठिकाणी "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत" एवढंच लिहिलेलं, कारण लिहिणारा माणूस स्टोअरमधला असतो. डबा घेतो स्टोअरवाला, दिवसातून शंभर वेळा उघडते सिस्टर, आणि भरलेली पिशवी बांधून खाली नेते मावशी. त्यामुळे मी इथे आमच्या सगळ्यांच्या वतीने लिहितेय, मावशींना आणि मामांना विचारून लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, काय बघून घ्यायचं ते सांगते, त्याचा उपयोग जास्त होईल.

आधी पहिल्या डब्यांबद्दल सांगते कारण ते साफ फसले. आमच्याकडे पूर्वी झुलत्या झाकणाचे डबे होते, हाताने ढकलायचे, म्हणजे ग्लोव्हज घातलेला रक्ताचा हात त्याच झाकणाला आणि नंतर मावशीचा उघडा हातही त्याच झाकणाला. ते बदला म्हणून आम्ही कितीदा सांगितलं. शेवटी एकदा इन्स्पेक्शन यायचं होतं तेव्हा घाईघाईत ऑफिसने चार रंगांचे पेडलचे डबे मागवले, आम्हाला कुणी काही विचारलं नाही, एका सकाळी ड्युटीवर आलो तर वॉर्डच्या टोकाला खिडकीपाशी चारही डबे ओळीने उभे आणि वर भिंतीवर इंग्रजी पोस्टर चिकटवलेलं. दिसायला सुंदर. आठ दिवसांत कळलं की डबा इतका हलका आहे की पेडल दाबलं की डबाच मागे सरकतो, म्हणून मावशी एक पाय पेडलवर आणि दुसरा पाय डब्याच्या मागे लावून उभ्या राहायच्या. दोन महिन्यांत दोन पेडल तुटली, प्लास्टिकचीच होती ती. झाकण सोडलं की धाडकन आपटायचं, रात्री दोन वाजता ऑपरेशन झालेला पेशंट दचकून उठायचा, मग नाईटच्या ब्रदरने झाकणाला दोरी बांधून ते उघडंच ठेवायला सुरुवात केली. झालं, झाकणाच्या डब्याचा मुद्दाच संपला.

पण खरी गडबड डब्याच्या जागेत होती. आमच्या वॉर्डात सलाईन काढलं जातं बेडपाशी, ड्रेसिंग होतं ट्रॉलीवर, आणि डबे मात्र खिडकीत. मग हातात गळका आयव्ही सेट, म्हणजे सलाईनची नळी, घेऊन कोण तिकडे जाणार? जवळ जी पिशवी लटकलेली असेल त्यात जायचा, ती ड्रेसिंग ट्रॉलीची पिवळी पिशवी. इथे जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे चार रंग आहेत. पिवळ्यात रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, काढलेला अवयव वगैरे, ते भट्टीत जळतं. लालमध्ये सलाईनच्या नळ्या, बाटल्या, कॅथेटर, युरीन बॅग, सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज, हे वाफेवर निर्जंतुक करून तुकडे करून रिसायकलला जातं. पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच आणि धातूचे इम्प्लांट. आता लालमधली नळी पिवळ्यात गेली तर काय होतं, ती भट्टीत जळते. आयव्ही सेट आणि युरीन बॅग बहुतेक पीव्हीसीच्या असतात, त्यात क्लोरीन असतो, तो जळला की डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होण्याचा धोका असतो, ही फार वाईट विषं आहेत, अन्नातून पुन्हा आपल्याच अंगात येतात. म्हणूनच नियमांमध्ये क्लोरीनवालं प्लास्टिक पिशव्यांतून आणि ग्लोव्हजमधून काढून टाकायला सांगितलं. पिशवी क्लोरीनमुक्त घेतली आणि आत मात्र पीव्हीसीची नळी टाकली तर उपयोग काय, सांगा. वीस पावलं वाचवायला टाकलेली नळी कुठल्यातरी भट्टीच्या धुराड्यातून बाहेर पडते आणि त्या भट्टीशेजारीही माणसंच राहतात.

हे सगळं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं, सिस्टर लोकांना तोंडपाठ आहे. तरी चूक व्हायची. तेव्हा ऑफिसचं म्हणणं एकच, "स्टाफ सेग्रिगेशन करत नाही, मेमो द्या." सेग्रिगेशन म्हणजे कचरा रंगाप्रमाणे वेगळा करणं. मेमो दिले सुद्धा. मावशींना बोलणी बसली. कचरा तसाच.

मग आमच्या नवीन मेट्रन मॅडम आल्या. त्यांनी एक दिवस दुपारी दोनला, मॉर्निंग सुटते आणि इव्हिनिंग येते त्या वेळेला, दोन्ही शिफ्टच्या मावशी, मामा, ब्रदर, सिस्टर सगळ्यांना चहाला बोलावलं आणि टेबलावर तो तुटक्या पेडलचा डबा ठेवला. म्हणाल्या, "हा कुठं ठेवला तर तुमचं चालणं वाचेल ते सांगा." पहिली दहा मिनिटं कुणी बोलेना, मावशींना सवयच नाही ना की कुणी विचारेल, त्यांना वाटलं परत बोलणी खायची आहेत. मग आमच्या थोरल्या मावशी बोलल्या, "मॅडम, रंग कळत्यात आम्हाला. पर लाल डबा खिडकीपाशी आन सलाईन काढत्यात सहा नंबरला. मधी सगळी फरशी ओली करत कोण जाईल?" एवढं बोलल्या आणि मग सगळेच सुरू झाले. मामा म्हणाले, पिवळ्या पिशवीत निम्मा कचरा नातेवाईकांचा असतो, केळीची सालं, वडापावचे कागद, चहाचे कप, बिस्किटाचे पुडे, कारण त्यांच्यासाठी वॉर्डात साधा डबाच नाही, मग ते दिसेल त्यात टाकतात. नाईटच्या ब्रदरने झाकणाचं सांगितलं. एका ज्युनिअर सिस्टरने सांगितलं की सिरिंजचं कागदी वेष्टन आणि सुईचं टोपण बायोमेडिकल नाहीच, पण ट्रॉलीला साध्या कचऱ्याची पिशवी नाही म्हणून तेही लालमध्ये जातं. मी १९ वर्षं हेच काम करतेय आणि ही टोपणांची गोष्ट माझ्याही डोक्यात कधी आली नव्हती.

नातेवाईकांच्या कचऱ्याचा मुद्दा तर फारच मोठा निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दवाखान्यातला साधारण ८५ टक्के कचरा हा घरच्यासारखा साधा कचरा असतो, धोक्याचा असतो तो उरलेला १५ टक्के. पण केळीचं साल एकदा रक्ताच्या कापसात पडलं की तेही बायोमेडिकल झालं, आता ते खत होऊ शकत नाही, जळणारच. म्हणून आम्ही सगळ्यात आधी घेतलेली वस्तू म्हणजे दाराशी ठेवायचा साधा मोठा हिरवा डबा, ओल्यासाठी, आणि शेजारी सुक्याचा. किंमत किरकोळ. माझ्या मते सगळ्या खरेदीत सगळ्यात जास्त फरक याच दोन डब्यांनी पडला, आणि ती कल्पना मामांची.

आता दुसऱ्या वेळचे पेडलचे डबे, ज्यांचा हा मुख्य रिव्ह्यू आहे. या वेळी मेट्रन मॅडमनी दुकानदाराला सांगितलं की आधी दोन प्रकारचे सॅम्पल द्या, आठवडाभर वॉर्डात ठेवणार, मावशी हो म्हणाल्या तर ऑर्डर. थोरल्या मावशींनी काय केलं माहितीये, सॅम्पलच्या डब्यात पिशवी लावली आणि त्यात सलाईनच्या भरलेल्या बाटल्या एकेक करून सोडल्या, बघायला की वजनाने पिशवी आत घसरते का. पहिल्या डब्यात चौथ्याच बाटलीला पिशवीची कड सुटून आत गेली. म्हणाल्या, "ही आत गेली की हात घालून काढायची कुणी?" तो डबा तिथेच बाद. दुसऱ्याला आतून कडं होतं, पिशवीची कड त्याच्याखाली दाबून बसते, तिच्यात सगळ्या बाटल्या मावल्या तरी पिशवी हलली नाही. तोच घेतला. कुठल्याही कॅटलॉगमध्ये या कड्याबद्दल ठळक लिहिलेलं नसतं, लिटर आणि रंग तेवढा असतो. तुम्ही घेताना आधी झाकण उघडून कडं आहे का ते बघा.

बाकी या डब्याचं चांगलं काय तर बूड जड आहे आणि खाली रबर आहे, सरकत नाही. पेडल स्टीलचं आहे. झाकण हळू बसतं, रात्री आवाज नाही. आतली बादली कडीसकट बाहेर निघते म्हणून धुता येते. लाल डबा सगळ्यात मोठा घेतला कारण सलाईनच्या बाटल्या जागा खूप खातात, पिवळा मध्यम, निळा छोटा. पहिल्या वेळी चारही एकाच मापाचे होते, त्यामुळे लाल दुपारपर्यंत ओसंडायचा आणि निळा आठवडाभर रिकामा. पिशवी पाऊण भरली की बांधायची असा नियम आहे, डबा लहान असला की तो पाळला जात नाही, कोंबाकोंबी होते.

वाईट काय तर पेडलची स्प्रिंग. फरशी हायपोने, म्हणजे ब्लीचसारख्या जंतुनाशकाने पुसली जाते, ते पाणी पेडलखाली साचतं आणि सहा महिन्यांत स्प्रिंगला गंज धरतो, मग पेडल करकर करायला लागतं आणि झाकण अर्धंच उघडतं. आमच्या दोन डब्यांचं असं झालं. आता मावशी हायपोने पुसल्यावर साध्या पाण्याचं फडकं पेडलखालून फिरवतात, त्यानंतर त्रास कमी झाला. स्प्रिंग सुटी मिळते का ते दुकानदाराला आधीच विचारा. आमच्या दुकानदाराने आधी "पूर्ण डबाच बदला" म्हणून सांगितलं, एका स्प्रिंगसाठी एवढा प्लास्टिकचा डबा फेकायचा, हे मनाला पटलं नाही, शेवटी मामांनी गावातल्या सायकलच्या दुकानातून तसली स्प्रिंग आणून बसवली. ती अजून चालतेय.

स्टिकर हा आणखी एक तोटा. डब्यावर इंग्रजीत छापलेलं असतं, आणि तेही सगळं गोल गोल शब्दांत. आमच्या मावशींपैकी दोघींना मराठीही जेमतेम वाचता येतं. मग ज्युनिअर सिस्टरने मोबाईलवर आमच्याच वॉर्डातल्या वस्तूंचे फोटो काढले, आमचाच आयव्ही सेट, आमचीच युरीन बॅग, आमचीच औषधाची बाटली, आणि ते प्रिंट काढून प्लास्टिक लावून डब्यावर चिकटवले. नातेवाईकांच्या डब्यावर केळीचं साल आणि चहाचा कप. आता नवीन आलेल्या स्टुडंट नर्सला सुद्धा वेगळं सांगावं लागत नाही. कंपन्यांनी हे मराठीत चित्रांसकट दिलं तर किती बरं होईल, महाराष्ट्रात विकताय ना.

आता हब कटर. याबद्दल थोडं मन लावून लिहिते कारण माझ्यासाठी हा कचऱ्याचा विषय नाहीच, हा माणसाचा विषय आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी होते तेव्हा आमच्या मावशींना पिवळी पिशवी बांधताना अंगठ्यात सुई गेली. कुणीतरी टोपण न लावता, न कापता, कापसात गुंडाळून टाकलेली. मावशींनी आधी कुणाला सांगितलंच नाही, नळाखाली हात धरला आणि पुढच्या बेडला गेल्या, संध्याकाळी मला अंगठा दाखवला. मग पळापळ, पेशंट कोण होता ते माहीत नाही, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत, ती सुरू केली, २८ दिवस घ्यायची. त्यांना उलट्या व्हायच्या, तरी ड्युटीवर यायच्या कारण कॉन्ट्रॅक्टवर होत्या, खाडा झाला की पगार कापला. हेपॅटायटिस बीची लस विचारली तर ती त्यांना कधी दिलेलीच नव्हती, आम्हा सिस्टरना दिलेली होती. एकदा स्टोअररूममध्ये मला हळूच विचारलं, "सिस्टर, नातीला जवळ घेऊ का नको?" घ्या म्हटलं, बिनधास्त घ्या. त्यांचे रिपोर्ट शेवटपर्यंत चांगले आले. पण ते सहा महिने त्या बाईने कसे काढले ते मी बघितलंय.

म्हणून कुणी म्हटलं की पर्यावरण वगैरे मोठ्या लोकांचे विषय आहेत, मावशींना काय त्याचं, तर मला ती गोष्ट आठवते. जी सुई चुकीच्या पिशवीत जाते तीच मावशीला टोचते आणि तीच पिशवी भट्टीत चुकीची जळते. दोन वेगळे विषय नाहीतच हे. आणि नियमात लस कॉन्ट्रॅक्टच्या माणसालाही द्यायचीच आहे, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वात, ट्रेनिंगही रुजू होताना आणि नंतर दरवर्षी. तुमच्या हॉस्पिटलात विचारून बघा मावशींना लस झालीये का. डब्याच्या आधी ते.

आमच्याकडे आधी करंटवर चालणारं सुई जाळायचं मशीन होतं. त्यात सुई खुपसली की ठिणगी उडते, वास येतो, इलेक्ट्रोडवर काजळी बसते आणि मग सुई अर्धी जळून वाकडी बाहेर येते, म्हणजे आधीपेक्षा जास्त धोक्याची. लाईट गेली की बंद. आणि शेजारी ऑक्सिजन लागलेला पेशंट असताना ठिणगी उडवायला माझा तरी हात धजत नव्हता. हाताचा हब कटर याच्यापेक्षा सगळ्या बाबतीत बरा. सिरिंजचं तोंड भोकात घालायचं, दांडा दाबायचा, कट असा आवाज येतो, सुई मुळासकट आतल्या डबीत पडते. सिरिंजचंही टोक कापलं जातं म्हणजे ती धुऊन परत कुणी विकू शकत नाही. लसीकरणाच्या दिवशी गावात एएनएम ताईंकडे बघितला असेल तुम्ही हाच कटर, त्या वर्षानुवर्षं वापरतात. खरं तर खरेदीच्या आधी आम्ही जवळच्या उपकेंद्रातल्या एएनएम ताईंनाच विचारलं की कुठला टिकतो, आणि त्यांनी सांगितलं की दांड्याची पकड लांब असलेला घ्या, आखूड दांड्याचा घेतला तर सत्तर-ऐंशी मुलांना लस देऊन झाली की मनगट धरतं. दुकानदार हे कधीच सांगणार नाही. आम्ही लांब दांड्याचा घेतला आणि त्या बरोबर होत्या.

त्रास कुठे होतो तेही सांगते. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई जोडलेलीच असते, ती या भोकात नीट बसत नाही, तिला कापायच्या भानगडीत न पडता पूर्ण सिरिंज सरळ पांढऱ्या डब्यात टाकायची. कॅन्युलाची आतली सुई, स्पायनल सुई, यांचंही तसंच. सुरुवातीला एका ब्रदरने स्पायनल सुई कटरमध्ये घातली आणि ती आतच अडकली, चिमट्याने काढावी लागली. पातं बोथट होतं, आमचं साधारण आठ महिन्यांत झालं, मग कापण्याऐवजी चेमटतं आणि सिरिंजमधला थेंब बाहेर उडतो, ते डोळ्याला धोक्याचं. तेव्हा पातं बदलून मिळतं का हे बघूनच घ्या, नाहीतर पूर्ण यंत्र भंगारात. आतली डबी पारदर्शक असावी म्हणजे पाऊण भरली की दिसते. आणि कटर ट्रॉलीवर हवा, नर्सिंग स्टेशनवर नको. सुई हातात धरून चालणं हाच सगळ्यात मोठा धोका. आम्ही वॉर्डाला दोन घेतले, एक इंजेक्शन ट्रॉलीला आणि एक ड्रेसिंगला. एकाच कटरवर काटकसर करू नका.

या सगळ्यात ऑफिसला एक प्रश्न पडला होता की यातून पैसे किती वाचले. इथे अडचण अशी आहे की कचरा उचलणाऱ्या सेंटरचा हिशोब काही ठिकाणी किलोवर असतो आणि काही ठिकाणी बेडवर. आमचा बेडवर आहे. म्हणजे आम्ही पिवळी पिशवी अर्धी केली तरी बिल तेवढंच. मग वरच्यांना उत्साह कसा येणार? मेट्रन मॅडमनी यावर चांगला मार्ग काढला, त्यांनी बिलाचा विषय सोडून दिला आणि खाली कचरा खोलीत मामा जो वजनाचा काटा ठेवून वही लिहितात ती वहीच दर महिन्याला मीटिंगमध्ये आणायला लावली. तीस किंवा जास्त बेड असलेल्या हॉस्पिटलात कचऱ्याची कमिटी असायलाच लागते आणि सहा महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक. आमच्याकडे ती कमिटी पूर्वी फक्त कागदावर डॉक्टर आणि मॅनेजर यांची होती. आता थोरल्या मावशी आणि मामा तिच्यात बसतात. मामा वाचून दाखवतात, पिवळा इतका, लाल इतका. पिवळा खाली आला आणि लाल वर गेला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पिशवीवर बारकोड लावावा लागतो, तो ओल्या पिशवीवर चिकटत नाही, हेही त्यांनीच मीटिंगमध्ये काढलं, आता पिशवी रिकामी असतानाच आधी लावून ठेवतात.

एकदा सणात कचरा न्यायची गाडी आलीच नाही, तीन दिवस. नियमाने ४८ तासांच्या वर ठेवायचं नाही. खालच्या खोलीत वास सुटला, मामांनी फोन करून करून जीव दिला. त्या सेवेबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण गाडीचा ड्रायव्हर माणूस चांगला आहे आणि त्याला एकट्याला किती हॉस्पिटलं दिलीयेत ते मला माहीत आहे. पण वॉर्डात आम्ही जीव तोडून वेगळं करायचं आणि गाडीच आली नाही तर मन खट्टू होतं.

डब्यांच्या यशानंतर सिस्टर लोकांनी स्वतःहून ग्लोव्हजचा विषय काढला. आपल्याकडे बीपी बघायला, गोळ्या वाटायला, चादर बदलायला सुद्धा ग्लोव्हज घालायची सवय कोविडनंतर लागलीये. जिथे रक्त किंवा स्राव नाही तिथे हात धुणं किंवा सॅनिटायझर पुरतं, उलट तेच ग्लोव्हज घालून चार पेशंटना हात लावणं जास्त वाईट. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलात २०१८ मध्ये नर्सेसनीच ही मोहीम सुरू केली होती आणि वर्षभरात २१ टन प्लास्टिक कमी झालं, ते मी मीटिंगमध्ये सांगितलं. आमच्या ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर त्यावर दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण घेऊन आल्या, तिथे कापडी गाऊन, धुऊन वापरायची साधनं यांमुळे मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनला साधारण ६ किलो कार्बन डायऑक्साइड इतकंच उत्सर्जन होतं, ब्रिटनमध्ये तेच १३० किलोच्या आसपास, आणि इन्फेक्शन तिथे काही जास्त होत नाही. म्हणजे आपल्या देशातलंच उदाहरण आहे. आमच्या ओटीत आता कापडी गाऊन परत आणायचं चाललंय, वाफेवर निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचे ड्रम होतेच पडून. पण धोबीकाम करणाऱ्या मामांनी सांगितलं की मशीन एकच आहे आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्याचं आधी बघा. ते ऐकलं आणि गाऊन तूर्त थांबवलेत, ड्रायर आल्यावर सुरू करू. पूर्वीचं असतं तर गाऊन आधी आले असते आणि ओले गाऊन बघून सगळे परत डिस्पोजेबलवर गेले असते.

कुणी स्टार विचारतील तर पेडलच्या डब्याला, कडं असलेल्या, पाचपैकी चार. एक स्प्रिंगसाठी आणि इंग्रजी स्टिकरसाठी कापला. लांब दांड्याच्या हब कटरला साडेचार. करंटच्या सुई जाळायच्या मशीनला एक, घेऊच नका. दाराशी ठेवायच्या साध्या हिरव्या डब्याला पाचपैकी पाच.

लहान क्लिनिकवाल्यांनी विचारलं तर चारही मोठे डबे घ्यायची गरज नाही, तुमचा लाल आणि पिवळा नीट घ्या, सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा आणि कटर चांगला घ्या, काचेसाठी निळी खूण असलेला, न टोचणारा आणि न गळणारा छोटा डबा चालतो. आणि सॅम्पल आठवडाभर ठेवायला दुकानदार नाही म्हणाला तर दुसरा बघा, मिळतो. आमच्या थोरल्या मावशी म्हणतायत की पुढच्या खेपेला लाल डब्याला खाली चाकं हवीत, भरला की उचलताना कंबर जाते, त्या चाकांचा डबा आता सॅम्पल म्हणून मागवलाय. सोमवारी येतोय. त्या सलाईनच्या बाटल्या तयार ठेवा म्हणून सांगून गेल्यात.